वैमानिक आणि विमानवेडे: बोलताना या चुका टाळा

उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, की विमानवेड्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘थोडक्यात वाचले!’ त्यावर एखादा कॅप्टन फटकारतो, ‘याला गो-अराउंड म्हणतात. माहीत नसेल तर बोलू नये.’ माहिती कॅप्टनची बरोबर, पण बोलणं तिथेच खुंटलं. आधीचं विमान धावपट्टीवर रेंगाळलं असेल, अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) स्थिर नसेल, वारा अचानक फिरला असेल. अशा वेळी उतरणं सोडून देणं हीच शिकवलेली पद्धत आहे. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

हौशी मंडळींची सगळ्यात मोठी चूक म्हणजे उडत्या विमानांचा माग दाखवणाऱ्या ट्रॅकिंग अ‍ॅपवरचा आकडा हाच कॉकपिटमधला आकडा, असं धरून चालणं. एडीएस-बी, म्हणजे विमान आपली माहिती आपोआप प्रक्षेपित करतं ती यंत्रणा. तिच्यातून विमान सहसा जी उंची पाठवतं ती १०१३.२५ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) या प्रमाण दाबावर मोजलेली असते. त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब १०३३ असेल, तर ती खऱ्या उंचीपेक्षा साधारण साडेपाचशे फूट कमी दिसते. उतरताना वैमानिकाने उंचीमापकात स्थानिक दाब लावलेला असतो, त्यामुळे त्याच्यासमोर बरोबर उंची असते. इकडे मात्र ‘विमान इतकं खाली का?’ म्हणून आरोपपत्र तयार! वेगाचंही तसंच. अ‍ॅपवर जमिनीच्या सापेक्ष वेग दिसतो, वैमानिक पाहतो तो हवेच्या सापेक्ष. मागून जोराचा वारा असेल तर दोन्हींत मोठी तफावत पडते.

म्हणून स्क्रीनशॉट दाखवताना निष्कर्ष जोडू नका, प्रश्न जोडा. ‘इथे उंची कमी दिसते, दाबाचा फरक असेल का?’ असं विचारलं तर चिडका वैमानिकही बोलता होतो. अ‍ॅपवर ७७०० हा विमानाने पाठवलेला आणीबाणीचा कोड दिसला तरी हेच करा. प्रवाशाची तब्येत गंभीर झाली तरी तो लावला जाऊ शकतो. त्यावरून इंजिनाला आग लावू नका.

अपघात झाल्यावर

इथे दोन्ही बाजूंचा तोल जातो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे हा नव्हे. प्राथमिक अहवालासाठी ३० दिवसांची मुदत असते. पहिल्याच संध्याकाळी ‘पायलटची चूक’ म्हणणाऱ्याला, आणि तितक्याच ठामपणे ‘आमचा माणूस चुकणं शक्यच नाही’ म्हणणाऱ्यालाही, तेवढा धीर नसतो.

१५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेनंतर न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाचं उदाहरण घ्या. ते जिथून निघालं त्या लाग्वार्डिया विमानतळाला परत नेता आलं असतं का, हे तपासात सिम्युलेटरवर पाहिलं गेलं. धडक बसताच वळल्यावर काही प्रयत्न जमले. पण परिस्थिती ओळखून निर्णय घ्यायला ३५ सेकंद धरल्यावर विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलं नाही. खुर्चीत बसून चुका काढणारा नेमकी हीच सेकंदं हिशेबातून वगळतो.

व्यावसायिकांनी सांभाळायच्या गोष्टी

‘माझे उड्डाणाचे इतके हजार तास झालेत’ हे उत्तर नव्हे. बोइंगवर मुरलेला कॅप्टन एअरबसच्या फ्लाय-बाय-वायरबद्दल (वैमानिकाच्या हालचाली संगणकामार्फत विमानापर्यंत नेणारी यंत्रणा) चुकू शकतो, आणि वैमानिकाला रडारपुढे बसलेल्या नियंत्रकाचं काम आतून ठाऊक असतंच असं नाही. आपण कोणत्या प्रकारच्या विमानाबद्दल बोलतो आहोत हे आधीच सांगावं. एखाद्या विमानाचा जन्मापासूनचा इतिहास, मालक आणि रंगसंगती बदलांसकट, बहुतेक वेळा हौशी माणसालाच पाठ असतो. तिथे त्याला विचारण्यात कमीपणा कसला?

हौशींनीही घरच्या सिम्युलेटरवरचा अनुभव तसाच सांगावा. नुसतं ‘मी बोइंग ७३७ उडवतो’ म्हणू नये. आणि नोकरीत असलेल्या माणसाकडून कंपनीची आतली बातमी काढू नये. सहकाऱ्यांची नावं, ड्युटीचं वेळापत्रक, कॉकपिटमधले फोटो यांपायी त्याची नोकरी जाऊ शकते. त्याने एकदा विषय टाळला, की दुसऱ्यांदा विचारू नका.

वाद पेटलाच तर?

कोणतं विमान, उड्डाणाचा कोणता टप्पा, आकडा कुठून आला, एवढंच आधी ठरवा. पुष्कळदा दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. वाद ऑनलाइन असेल आणि आपलं चुकलं असेल तर मूळ वाक्य पुसून टाकू नका, त्याखालीच दुरुस्ती लिहा. नाहीतर ज्याने वेळ काढून समजावून सांगितलं, त्याचं उत्तर अधांतरी राहतं आणि नंतर वाचणाऱ्याला तोच उगाच कुणावर तरी घसरल्यासारखा वाटतो.