डीजी सांभाळायला लागताय? आधी टाकीचा तळ बघा

आयटीआय करून सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत किंवा तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला लागणारी पोरं डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, म्हटलं की आधी बॅटरी बघतात, मग कूलंट, मग इंजिन ऑइल. ते बघायलाच हवं. पण माझा आजवरचा अनुभव असा, की बॅटरी ठणठणीत असूनही ऐनवेळी डीजी दगा देतो तो बहुतेक वेळा डिझेलपायी, आणि डिझेलच्या दुखण्याचं मूळ शोधत गेलं की शेवटी पाणीच सापडतं.

भारनियमनाच्या दिवसांत हे एवढं जाणवत नसे. रोज तासन्‌तास डीजी चालायचा, टाकी भराभर रिकामी व्हायची, डिझेलला बिघडायला सवडच नव्हती. आता वीज बऱ्यापैकी टिकते, त्यामुळे दिवाळीत भरलेलं डिझेल पावसाळा आला तरी टाकीतच असतं. नीट साठवलेलं डिझेल सहा महिने ते वर्षभर राहतं. तळाला पाणी असेल तर त्याच्या कितीतरी आधी बिघडतं.

हे पाणी कुणी ओतलेलं नसतं. व्हेंट पाइपातून टाकीत हवेची ये-जा चालू असते. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं आणि थेंब खाली उतरतात. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी थेट तळ गाठतं. त्या दोघांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. राहायला पाणी, खायला डिझेल, अशी त्यांची सोय होते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक काम करा. डीजी रात्रभर बंद असताना सकाळी टाकीच्या ड्रेन कॉकमधून काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर तेल काढा आणि बाटली पंधरा मिनिटं उजेडात ठेवा. चांगलं डिझेल लख्ख असतं, मागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. गढूळ दिसलं तर पाणी आहे असं समजा. एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी काढलेल्या बाटलीत तीन थर पडले होते. वर पिवळसर डिझेल, तळाला चहाच्या रंगाचं पाणी आणि मधे काळपट, बुळबुळीत साय. काडीने ढवळलं तर ती फाटायची, पण विरघळत नव्हती. वास आंबूस. फिल्टरच्या कागदावर जाऊन बसते ती हीच.

त्या डीजीची आठवड्याची टेस्ट मात्र दर वेळी ‘ओके’ होती, कारण ती पाच मिनिटांची आणि बिनलोडची. लोड आला की तेल जास्त लागतं, चोंदलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही, आरपीएम खाली येतो, इंजिन हंटिंग करतं, म्हणजे वेग सारखा वरखाली होतो, आणि बसतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी अर्धा तास, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर डीजी चालवून बघा. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नका.

१ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुराबाबतचे सीपीसीबी-४ प्लसचे नियम लागू झाले आणि कॉमन रेलची, म्हणजे एकाच सामायिक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणारी, इंजिनं वाढली. त्यांच्या इंजेक्टरमधली फट जेमतेम दोन-पाच मायक्रॉनची असते. जुनं इंजिन जे पचवायचं ते यांना पचत नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या बाउलमधलं पाणी दर आठवड्याला काढा. नवा फिल्टर बसवताना त्यात बॅरलमधलं डिझेल ओतून भरू नका, हातपंपानेच भरा आणि एअर काढा. ओतलेलं तेल न गाळताच पुढे जातं.

पेट्रोलियम कायद्यात डिझेल क्लास बी मध्ये येतं. एका जागी एकूण २५०० लिटर आणि एका भांड्यात १००० लिटरपर्यंत साठ्याला परवाना लागत नाही, म्हणून ९९० लिटरच्या टाक्या जागोजागी दिसतात. पावसाळ्याआधी टाकी ९० टक्क्यांच्या वर भरून घ्या; फुगायला थोडी जागा राहू द्या. टाकी, पाइप, फिटिंग गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदतात. डिझेल भरल्यावर तळाचा गाळ उसळतो, तो बसायला वेळ द्या. बुरशीचं औषध टाकायचं असेल तर आधी पाणी काढा, हातमोजे घाला आणि जादा फिल्टर जवळ ठेवा, कारण मेलेला गाळही फिल्टरमध्येच येतो.

सांगलीत राहून पुराचा विचार केलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या जागेत व्हेंट पाइपाचं तोंड आणि भरण्याचं झाकण पूररेषेच्या वर आहे का, ते आजच बघून ठेवा. नसेल तर पाइप उंच करून घ्या, टोकाला उलटा वाक आणि जाळी द्या. पुराचं पाणी टाकीपर्यंत पोचलं असेल तर ओसरल्यावर कुणी कितीही घाई केली तरी सेल्फ मारू नका. डिपस्टिकला वॉटर पेस्ट लावून तळापर्यंत सोडा. रंग जिथवर बदलला तिथवर पाणी. ते सगळं काढा, टाकी पुसून घ्या, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला, आणि मगच चावी फिरवा.