मुलांना जंक फूडबद्दल शिकवताना आपण करतो त्या चुका (आणि त्यावर काय करायचं)

शाळेत चार्ट लावलेला असतो, एका बाजूला सफरचंद, गाजर, दूध आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झा, बर्गर, आणि मुलांनी पाठ केलेलं असतं की हे चांगलं, ते वाईट. विचारलं तर सगळी बरोबर उत्तरं देतात आणि मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं तिखट पाकीट फोडतात. यात मुलांचं काहीच चुकत नाही, कारण त्या चार्टवर त्यांच्या घरातलं काही नसतंच, ना नाचणीची भाकरी, ना पेज, ना बांगडा. बर्गर तर गावात मिळतही नाही, त्यामुळे जंक फूड म्हणजे टीव्हीतलं काहीतरी असं त्यांना वाटतं, टपरीवर टांगलेली पाकिटांची माळ त्यातच येते हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून पहिली गोष्ट, शिकवायचं ते मुलाच्या ताटापासून आणि नाक्यावरच्या टपरीपासून.

सगळ्यात मोठी चूक: पाकिटाला मान, घरच्याला नाही

आपल्या कोकणात मे महिन्यात मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी गावी येतात, बॅग उघडली की चॉकलेटं, क्रीमची बिस्किटं, वेफर्स, आणि पोरं गोळा होतात. त्याच दिवशी करवंदं पिकलेली असतात, फणस फोडलेला असतो, काजूची बोंडं खाली पडलेली असतात, पण ते काय रोजचंच म्हणून त्याचं कौतुक कोणी करत नाही. पाहुणे आले की नाचणीची भाकरी झाकून ठेवायची आणि बिस्किटांची प्लेट पुढे करायची हे अजूनही घरोघरी चालतं. मूल हे सगळं बघत असतं, आपण तोंडाने काय सांगतो त्यापेक्षा कशाला किती मान मिळतो ते त्याला पटकन कळतं. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्याकडे निम्मं जंक फूड इथूनच शिकवलं जातं, तेही प्रेमाने. म्हणून मुंबईच्या काका-आत्याला फोनवरच मोकळेपणाने सांगा की येताना गोष्टीची पुस्तकं, रंग, बॉल आणा. आणि आंबील, सोलकढी चांगल्या ग्लासात, सगळ्यांसमोर, पाहुण्यांनाही द्या.

लाच आणि धाक

"भाजी संपव, मग चॉकलेट देते." याने त्या वेळेपुरती भाजी संपते, पण मुलाला कळतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, मग भाजी अजूनच नकोशी होते. बक्षीस द्यायचंच तर संध्याकाळी किनाऱ्यावर न्या, शिंपले गोळा करू द्या. धाकाचंही तेच, "पोटात किडे होतील, दात पडतील" सांगितलं, मुलाने वेफर्स खाल्ले आणि काहीच झालं नाही, की तुमचा शब्द गेला. त्यापेक्षा खरं तेच सांगा, की हे खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं आणि मग जेवायला भूक राहत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला "रोज खायचं" आणि "कधीतरी खायचं" एवढंच पुरतं, कॅलरी वगैरे काही नको.

एकदम बंदी घालणं पण चूकच. घरात अजिबात नाही म्हटलं की शेजारच्या वाढदिवसाला मूल तेवढंच खात सुटतं. आठवडी बाजाराचा दिवस ठरवा, त्या दिवशी एक छोटी वस्तू, तीही त्याने निवडायची.

दोनदा दिलं, खाल्लं नाही, सोडून दिलं

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन चवीला नाही म्हणणं हे अगदी नॉर्मल आहे. एखादी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते आणि आपण दुसऱ्या वेळेलाच "आमच्या पोराला टाकळा आवडत नाही" असं त्याच्यासमोरच जाहीर करून टाकतो. कुळथाची पिठी असो की टाकळ्याची भाजी, एक चमचाभर ताटात वाढा, खाल्ली तर खाल्ली, नाही तर काही बोलू नका. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलाने.

आणि हाताला काम द्या, याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच लेक्चरचा होत नाही. घावण्यांचं बघा. तांदळाच्या पिठात थोडं नाचणीचं पीठ, मीठ, पाणी, हे कालवायला मुलाला बसवा, हात माखू देत. तवा तापला की तेल तुम्ही लावा, नारळाच्या शेंडीने नाहीतर कांद्याच्या फोडीने, आणि पीठ ओतलं की चर्रर्र आवाज येतो, भोकं भोकं पडतात, ती जाळी पडली का हे लांबून बघायचं काम त्याचं. पहिला फाटका घावणा सुद्धा मुलं खातात कारण त्यात त्यांचा हात असतो. कडेला ओलं खोबरं आणि गूळ. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण हे तुमच्यासाठी, मुलाला जाळीच पुरे.

"हेल्दी" लिहिलेलं सगळं हेल्दी समजणं

पाकिटाच्या समोरचं वाचू नका, मागचं वाचा. घटक जास्त वजनाचा आधी या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे नाचणी बिस्किटावर पहिला मैदा, मग साखर आणि नाचणी कुठेतरी शेवटी असेल तर ते मैद्याचंच बिस्किट. सहा-सात वर्षांच्या मुलासोबत एक प्रयोग करा, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर १०० मिलीला साखर किती ते वाचा, साधारण १०-११ ग्रॅम निघते, चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर २५० मिलीच्या बाटलीत सहा ते सात चमचे. तेवढी साखर रिकाम्या ग्लासात मोजून घाला, बाकी काही बोलू नका. आणि हापूसच्या गावात मुलांना मँगो ड्रिंक पाजणं तर थांबवाच! दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर घातलेलं काहीच नको. घरचा खाजा, लाडू, फणसपोळी यातही साखर-गूळ असतोच, त्यामुळे घरचं म्हणून वाट्टेल तेवढं असंही नाही.

सकाळचा चहा-बिस्किट हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे, चहामुळे जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं आणि बिस्किटाने भूक मरते. त्याऐवजी पेज, आंबोळी, उकडलेलं अंडं.

अडलं तर

टपरीसमोर मूल आडवं पडलं: ओरडू नका, घेऊनही देऊ नका, शांत उभं राहा. पुढच्या वेळी भरल्या पोटी न्या आणि आज काय घ्यायचं ते घरातून निघतानाच ठरवा.

डबा परत येतो: वेळ किती मिळतो ते विचारा. बऱ्याचदा दहा मिनिटांत संपेल असं काही नसतं, किंवा सुकटीच्या वासावरून कोणीतरी चिडवलेलं असतं. मासे घरी द्या, डब्यात गुंडाळलेला घावणा, केळं.

आजी-आजोबा गुपचूप देतात: मुलासमोर वाद नको. "आई, संध्याकाळचा खाऊ तुमच्याच हातचा" असं सांगून ते खातं त्यांच्याकडेच द्या, फरक पडतो.

शाळेच्या दारातच विक्री: शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त फॅट, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा एफएसएसएआयचा (देशातल्या अन्नसुरक्षेचं बघणारी सरकारी संस्था) २०२० चा नियम आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला हा विषय काढा, एकट्याने टपरीवाल्याशी भांडू नका.

मूल काहीच खात नाही, सारखं दमतं, फिकट दिसतं, माती किंवा खडू खातं: हा हट्ट समजू नका, डॉक्टरला दाखवा, रक्त कमी असू शकतं. अंगणवाडीत वजन करून घ्या आणि जंताची गोळी चुकली नाही ना बघा. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू, शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, कुटून द्या, आणि बांगड्याचा काटा स्वतःच्या बोटांनी चाचपून मगच घास भरवा.