स्टॅटिन चालू आहे आणि एसजीपीटी वाढलाय? गोळी बंद करायच्या आधी रिपोर्ट असा वाचा

इंदूरच्या रामबागेत मेडिकलवर बसतो त्यामुळे हे नेहमीचंच झालंय. कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) सुरू झाली की दोन-तीन महिन्यांनी काका रिपोर्ट घेऊन येतात, एसजीपीटीपुढे (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम, काही रिपोर्टवर एएलटी) जाड अक्षरात एच, म्हणजे हाय, छापलेलं असतं आणि घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं की गोळीने लिव्हर खाल्लं, आता नको.

थांबा जरा. आकड्याच्या शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते ना, तिच्यातला वरचा आकडा घ्या आणि त्याला ३ ने गुणा. समजा वरची लिमिट ४५ आहे तर झाले १३५. तुमचा आला ६८, म्हणजे दीडपट. एवढ्यावर डॉक्टर बहुतेक गोळी बंद करत नाहीत, काही आठवड्यांनी टेस्ट परत करायला सांगतात आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच आकडा आपला आपण खाली येतो. तीनपटीच्या वर गेला आणि परत केल्यावरही तिथेच राहिला तर मग डोस कमी करायचा, थांबवायचा की दुसरं स्टॅटिन द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. असं शंभरात साधारण एखाद्याला होतं, ॲटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम सारख्या मोठ्या डोसवर थोडं जास्त. लिव्हरला खरंच मोठी इजा होणं फारच क्वचित, लाखात एखादी केस म्हणतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१२ मध्ये दर थोड्या महिन्यांनी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करायची अट काढून टाकली, गोळी सुरू करायच्या आधी एकदा करा आणि मग त्रास वाटला तर करा असं सांगितलं.

ती आधीची टेस्टच लोक करत नाहीत, आणि खरा घोळ तिथे होतो. आपल्या इंदूरात सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफ्यातलं खाणं, पोट सुटलेलं, शुगर बॉर्डरवर, म्हणजे फॅटी लिव्हर गोळीच्या आधीपासूनच असायची शक्यता भरपूर, एसजीपीटी तेव्हाही ६० असेल, पण बघितलाच नव्हता तर नाव गोळीचं येणार. फॅटी लिव्हर असलं तरी स्टॅटिन देतात बरं का. लिव्हरचा आजार जोरात चालू असेल किंवा सिरॉसिस (लिव्हर कडक होणं) पुढे गेलेला असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

मग बाकीचे आरोपी शोधा. दारू, टीबीच्या गोळ्या, अंगदुखीवर दिवसातून चार-चार वेळा घेतलेलं पॅरासिटामॉल. गिलोयचा काढा पण, नैसर्गिक आहे म्हणून कोणी डॉक्टरला सांगतच नाही, आणि गिलोयमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. अजून एक, पावसाळ्यात दाद (नायटा) झाली की लोक आमच्यासारख्या दुकानातून आपल्या मनाने इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी नेतात. ॲटोर्व्हास्टॅटिनसोबत ते घेतलं तर रक्तात स्टॅटिन जास्त साचतं, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच, आणि मग स्नायूंना पण त्रास होतो. तेव्हा गोळी घेताना काउंटरवर सांगा की भिया, माझी कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे.

फक्त एसजीओटी (त्याच तपासणीतलं दुसरं एन्झाइम, एएसटी) वाढलाय आणि एसजीपीटी ठीक आहे? मग ते स्नायूंमधूनही आलेलं असू शकतं, कारण एसजीओटी तिथेही असतो. पायांत गोळे येतात का, आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढला होता का ते आठवा, डॉक्टर सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) करायला सांगतील.

आता जिथे वाट बघायची नाही ते. डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज, जेवण नको वाटणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही नवीन सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बिलिरुबिनही (काविळीचा आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टर ते सीरियसली घेतात. नुसता एच आणि बाकी तब्येत मस्त असेल तर गोळी चालू ठेवून फोन करा, आणि स्टेंट पडलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा सोडू नका, हार्ट अटॅकचा धोका या दीडपट एसजीपीटीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

परत टेस्ट करताना शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, रेंज लॅबप्रमाणे बदलते. आधीचे दोन-तीन दिवस दारू आणि जड व्यायाम दोन्ही बंद, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या, व्हॉट्सॲपवर फोटो आहे म्हणून भागत नाही, अर्ध्या वेळा रेंजचा कॉलमच कापलेला असतो.