कुत्रा-मांजर सोबत घेऊन परदेशी जाताय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून नोकरीसाठी जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेला जाणारी मुलं आता गल्लोगल्ली दिसतात. त्यातली बरीच जण घरचा कुत्रा किंवा मांजर मागे ठेवून जायला तयार नसतात, आणि मला ते मनापासून पटतं. पिल्लू असताना घरात आणलेल्या जिवाला शेवटी नातेवाइकांच्या दारात बांधून निघून जाऊ नये. अडचण एवढीच की बहुतेक जण व्हिसा हातात आल्यावर, तिकीट काढून झाल्यावर विचारायला लागतात, "आता शेरूचं काय करायचं?" तोवर उशीर झालेला असतो. माणसाची कागदपत्रं दीड-दोन महिन्यांत उरकू शकतात. युरोपला जाणाऱ्या कुत्र्याची चार महिन्यांच्या आत होतच नाहीत, आणि जास्त पैसे भरूनही हा काळ कमी होत नाही.

याचं कारण रेबीज. भारतात कुत्र्यांमधला रेबीज अजून आटोक्यात आलेला नाही. चावा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. त्यामुळे समोरचा देश दोन गोष्टी तपासतो: लस अंगी लागली का, आणि लस दिली तेव्हा रोग आधीच शरीरात नव्हता ना. पहिलीचं उत्तर रक्ताच्या तपासणीतून मिळतं. दुसरीसाठी वाट पाहण्यावाचून इलाज नाही. हे ध्यानात घेतलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत.

चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत वाया जातो. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस मिळालेली असते, कार्ड नीट जपलेलं असतं, घरचे निर्धास्त असतात. पण मायक्रोचिप, म्हणजे ओळख क्रमांक असलेली बारीक चिप, बसवलेली नसते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका, तिन्हीकडे क्रम ठरलेला आहे: आधी चिप, मग लस. कारण चिप नसेल तर ती लस नेमकी याच कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही. क्रम उलटा झाला असेल तर चिप बसवून लस पुन्हा घ्यायची. त्याला दुसरी वाट नाही.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकड्यांची असावी. ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. बसवण्याआधी पाकिटातच स्कॅनरने वाचून घ्या, बसवल्यावर पुन्हा वाचा आणि आकडा कार्डावर आपल्या डोळ्यांदेखत लिहून घ्या. नंतरही दर भेटीत वाचायला लावा. कधी कधी टेबलावर कुत्रा उभा असतो, डॉक्टर खांद्यांवरून स्कॅनर फिरवतात आणि आवाजच येत नाही. घरच्यांचा चेहरा उतरतो. अशा वेळी घाबरून नवी चिप बसवू नका. चिप कातडीखाली सरकते. स्कॅनर हळूहळू मानेच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या पायांच्या वरच्या भागापर्यंत, छातीखालून फिरवा. कधी कधी ती कोपराच्या आसपास सापडते. दुसरी चिप बसवली तर दोन आकडे, दोन नोंदी आणि विमानतळावर नको ते प्रश्न.

लसीच्या कार्डाचंही तसंच. गावच्या शिबिरात दिलेली लस कुत्र्याच्या आरोग्यासाठी उत्तमच, पण "रेबीज दिली" एवढ्याच नोंदीवर परदेशाचं दार उघडत नाही. लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मुदत, दिल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे सगळं लागतं. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, कुपी टाकून द्यायच्या आधीच.

टायटरचा हिशोब

भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये कुत्रा-मांजर नेताना रेबीज अँटिबॉडी टायटर तपासणी, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली का हे मोजणारी तपासणी, लागते. पिल्लाला लस १२ आठवड्यांच्या आधी चालत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासायचं आणि निकाल मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवा. रक्त घेतलेल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवाल आला त्या तारखेपासून नव्हे. काही जण इथे विनाकारण महिनाभर जास्त थांबतात. म्हणजे पिल्लू आजच आणलं असेल तर ते साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपला जाऊ शकत नाही.

आता हे आपल्या हवामानाशी जुळवून बघा. जानेवारीच्या सुरुवातीला लस दिली, तर रक्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि प्रवास मे महिन्यात. तेव्हा मराठवाड्यात पारा ४२-४३ वर असतो, आणि फार उष्णतेत अनेक विमान कंपन्या प्राणी स्वीकारतच नाहीत. पोळ्याच्या सुमारास चिप आणि लस उरकली, तर संक्रांतीनंतर थंडीत निघता येतं. जायचं पक्कं नसलं तरी चिप, लस आणि टायटर करून ठेवा, असंच मी प्रत्येकाला सांगतो. युरोप आणि ब्रिटनसाठी एकदा पास झालेला टायटर पुढेही चालतो. अट एकच, रेबीजचा बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस, मुदतीच्या आत मिळत राहायला हवा. एक दिवस जरी उलटला तरी लस, रक्त, तीन महिने, सगळं पहिल्यापासून.

निकाल ०.५ च्या खाली आला तर कुत्र्यात दोष आहे असं समजू नका. एकच लस झालेल्या तरुण जनावरात असं होतं. बूस्टर द्या, ३० दिवसांनी पुन्हा रक्त घ्या. नमुना पाठवताना दवाखान्यातच सीरम वेगळं करून थंड ठेवायला सांगा. शनिवारी कुरिअरला दिलेला नमुना रविवारी कुठल्या तरी गोदामात उन्हात पडून राहतो आणि वाया जातो. सोमवारी पाठवा.

अमेरिकेचे नियम वेगळे आहेत. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा लागतो आणि सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेचा, ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. भारत त्यांच्या जास्त जोखमीच्या यादीत आहे. म्हणून भारतात लस झालेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने साक्षांकित केलेला लस-चिपचा ठरावीक नमुना लागतो, आणि उतरायचं ते नोंदणीकृत प्राणी केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळांवरच. तिथे तपासणी आणि पुन्हा लसीकरण होतं, त्याचं आरक्षण आधी करावं लागतं. सीडीसीने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा टायटर नसेल तर २८ दिवस विलगीकरण, खर्च आपला. मांजरांना सीडीसीची ही अट नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला भारतातून कुत्रा-मांजर थेट नेता येत नाही. मधल्या मान्य देशात मुक्काम करून, तिथे तयारी करूनच पुढे जावं लागतं. तिकडे जाणाऱ्यांनी नोकरी स्वीकारण्याआधी हा विचार करावा.

शेवटच्या दहा दिवसांतली धावपळ

खासगी डॉक्टरांनी दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. देशाबाहेर जाणाऱ्या जनावराचं प्रमाणपत्र केंद्र सरकारची पशु संगरोध आणि प्रमाणन सेवा देते. सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. मराठवाड्यात एकही नाही. संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना मुंबई बरी पडते. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांनी मात्र हैदराबादहून निघायचा विचार जरूर करावा. सवयीने सगळे मुंबईचंच तिकीट काढतात आणि जनावराला दुप्पट रस्ता भोगावा लागतो.

युरोप आणि ब्रिटनसाठी हे प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांच्या आत पोहोचावं लागतं. फ्लाइट रद्द होऊन पुढे गेली तर तारीख उलटू शकते, म्हणून ते अगदी पहिल्याच दिवशी घेऊ नका. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेसाठी कुत्र्याला फीतकृमीचं औषधही पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरांच्या हातून द्यावं लागतं, आणि त्याची तारीख-वेळ कागदावर हवी.

सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. चिपचे १५ आकडे प्रत्येक कागदावर तेच आहेत का? मालकाचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का? एका कार्डावर "मिक्स", दुसऱ्यावर "गावठी", तिसऱ्यावर "लॅब क्रॉस" असं तर नाही ना? तीन वर्षांत तीन डॉक्टर झाले की हे होतंच. शंका आली तर आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. निघायच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी.

पिंजरा आणि गुंगी

क्रेट नजरेच्या अंदाजाने घेऊ नका. कुत्र्याला उभं करून टेप लावा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत, जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवला की क्रेटची लांबी मिळते. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही क्रेटची रुंदी. उंची डोक्यापर्यंत धरा, आणि कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. त्यात खाली घालायच्या अंथरुणाची जाडी मिळवा. मापं आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आहेत आणि काउंटरवर तीच बघतात.

आपल्या भागातले कारवान आणि पश्मी कुत्रे इथे वेगळे पडतात. वजन लॅब्रॅडोरपेक्षा कमी, म्हणून दुकानदार लहान क्रेट काढून देतो. पण पाय आणि मान लांब असल्याने त्यात ते उभे राहू शकत नाहीत. शिवाय त्यांचं डोकं निमुळतं असतं. गोंधळात मागे रेटा दिला की साधा पट्टा डोक्यावरून सहज निघतो आणि कुत्रा मोकळा. विमानतळाच्या पार्किंगमध्ये हे घडलं तर त्या वेगाच्या कुत्र्याला कोणी धरू शकत नाही. त्यांना छातीभोवतीचा हार्नेस आणि ओढल्यावर आवळणारा पट्टा, दोन्ही घाला.

क्रेट दोन महिने आधी घरात आणून दार उघडं ठेवून द्या. जेवण त्यातच वाढा, मालकाची वापरलेली जुनी चादर आत टाका. हळूहळू दार लावायची सवय करा. एवढं केलं की गुंगीचं औषध द्यायची गरजच उरत नाही. "झोपेचं इंजेक्शन देऊन पाठवतो" ही या सगळ्यातली सर्वांत घातक चूक आहे. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो, आणि कार्गोत त्याच्याजवळ कोणी नसतं. कारवानसारख्या अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं आणखीच जड जातात. बहुतेक विमान कंपन्या गुंगीतलं जनावर घेतही नाहीत. पग, बुलडॉग, शिह त्झू आणि पर्शियन मांजर यांचं नाक चपटं, श्वास आधीच अपुरा. त्यांना कोणती कंपनी घेते हे तिकिटाआधी विचारा.

ब्रिटनला विमानाने जाणारं जनावर मार्गदर्शक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर कार्गोतूनच जातं, मांडीवर किंवा सामानात नाही. पिट बुल आणि एक्सएल बुली तिथे चालतच नाहीत.

मिठूचं काय?

पिंजऱ्यातला हिरवा पोपट आपल्याकडे घरोघर दिसतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळणंच बेकायदा आहे. चांदणी कासवाचंही तेच. त्यांना परदेशी न्यायचा कागद कुठेच मिळणार नाही. कोणी "करून देतो" म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा आणि वन विभागाशी बोला.

"मी आधी जातो, कुत्रा नंतर पाठवा"

हा बेत बऱ्याच घरांत ठरतो. मुलगा पुढे जातो, आई-वडील लातूरला कुत्रा सांभाळतात, सहा महिन्यांनी पाठवायचं. पण युरोप आणि ब्रिटनमध्ये मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर ती खासगी ने-आण धरत नाहीत. व्यापारी मालाचे नियम लागतात, प्रमाणपत्र वेगळं आणि खर्चही वाढतो. त्यापेक्षा मालकाने सुट्टीला यावं आणि परतताना जनावर त्याच पाच दिवसांच्या मर्यादेत आणावं. घरातलं दुसरं कोणी घेऊन जाणार असेल तर मालकाचं लेखी अधिकारपत्र सोबत द्या, आणि तेव्हाही मालकाचा स्वतःचा प्रवास त्या पाच दिवसांच्या आत हवा. मधल्या काळात बूस्टरची तारीख आई-वडिलांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आणि फोनवर कुत्र्याची विचारपूस कराल, तेव्हा तारीखही विचारा.