मांजर-कुत्र्याच्या नसबंदीच्या ऑपरेशनआधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी तारीख ठरवा, कारण बहुतेक जण इथेच उशीर करतात. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की हीटवर, म्हणजे माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत पिल्लं, आणि ती पिल्लं अंगावर पीत असतानाच ती परत गाभण राहू शकते, त्यामुळे "लहान आहे अजून, बघू नंतर" असं प्लीज करू नका. एकदा तरी पिल्लं होऊ द्या असं घरात कोणीतरी म्हणतंच, पण त्याने तब्येतीला काहीही फायदा होत नाही. उलट पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन झालं तर स्तनांत गाठी व्हायचा धोका खूप कमी होतो, आणि पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची भीती जवळपास जातेच. हा आजार हीट संपल्यावर काही आठवड्यांनी होतो, बिचारी नुसती पडून राहते, सारखं पाणी पिते, आणि मग त्या अवस्थेत घाईघाईने तेच ऑपरेशन करावं लागतं, ते किती जोखमीचं असतं विचार करा. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना मात्र हाडांची वाढ होईपर्यंत थांबायला सांगतात, तेव्हा वय डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

लसी पूर्ण करून घ्या, रक्ताची तपासणी करा, हीट कधी येऊन गेली आणि कुठलं औषध चालू आहे ते डॉक्टरांना सांगा.

आदल्या रात्रीपासून खाणं बंद. किती तास ते विचारून घ्या, कारण अगदी छोट्या पिल्लांना तितका वेळ उपाशी ठेवत नाहीत. भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, लाडाने एक बिस्किटसुद्धा नको!

घरी एक शांत, उबदार कोपरा, अंथरूण जमिनीवरच, उड्या मारायला काही नको. गळ्यात घालायचा कोन, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत म्हणून घालतात ती कॉलर, आधीच आणून ठेवा, टाके चाटले की उसवतात आणि चिघळतात, त्यामुळे दया आली तरी दहा ते चौदा दिवस काढायचा नाही. आंघोळही नाही. दुखतंय असं वाटलं तरी आपल्या घरातली गोळी देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरू शकते, डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यांतून रक्त येत राहिलं किंवा दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर लगेच फोन करा, नंबर हाताशी असू दे.

ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून खाणं मोजून द्यायला लागा. आणि बोका किंवा कुत्रा असेल तर ऑपरेशन झालं म्हणून लगेच मोकळा सोडू नका, पुढचे काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, तोपर्यंत त्याला वेगळं ठेवायची सोय करा.