सूप आधी, पारी नंतर

शाओलोंगबाओची, म्हणजे आत सूप आणि खिमा असलेल्या वाफवलेल्या चिनी मोमोंची, टोपली टेबलावर आली की फोटो एकच काढा. आमच्याकडे जाऊबाई चारी बाजूंनी काढत बसतात आणि तोवर पारी खालच्या कागदाला चिकटते. मग उचलायला गेलं की बूड फाटतं, सगळं सूप टोपलीत.

हे सूप आत ओतलेलं नसतं. शांघायजवळच्या नानशियांगमध्ये एकोणिसाव्या शतकापासून नाव कमावलेला हा पदार्थ. डुकराची कातडी तासन्‌तास उकळायची, तो रस थंड झाला की थलथलीत गोठतो, तो चिरून खिम्यात मिसळायचा. वाफेवर तो परत वितळतो. सासूबाई डुक्कर खात नाहीत, म्हणून मी ऑर्डरआधीच वेटरला खोदून विचारते. नुसतं ‘चिकनचं आहे’ एवढ्यावर थांबू नका, आतला रस कशाचा तेही विचारा.

आता खाण्याचं. डाव्या हातात खोलगट चिनी चमचा. उजव्या हातातल्या चॉपस्टिकने वरची शेंडी धरायची, जिथे सगळ्या चुण्या एकत्र येतात. पोटाला धरू नका. चॉपस्टिक जमत नसतील तर सरळ बोटांनी उचला, मोदक उचलतो तसं. काटा मात्र नको, टोचला की संपलं.

चमच्यात ठेवलात की बाजूला दाताने बारीकसं भोक पाडा आणि वाफ जाऊ द्या. ही घाई करायची जागा नव्हे, आतलं सूप जीभ सोलून काढतं. मग भोकातून सूप ओढा. उरलेल्यावर आल्याच्या दोन-चार बारीक काड्या, थोडं काळं व्हिनेगर, आणि एका घासात तोंडात.

व्हिनेगर काळंच मागा. चीनमधल्या झेनजियांग शहराचं हे तांदळाचं व्हिनेगर आंबट असतं तसंच किंचित गोडसरही, खिम्याचा तेलकटपणा त्याने कापला जातो. मिरच्या घातलेलं पांढरं व्हिनेगर नूडल्सवर ठीक. आमचे भावोजी शेजवान चटणीत बुडवतात. त्यांना मी काही बोलत नाही, पण मग वडापावच खावा की!

चौघांत एकच टोपली आधी मागवा, ती संपली की दुसरी. आणि पार्सल कधीच नाही. बीकेसीहून दादरला पोचेपर्यंत पारीने सूप पिऊन टाकलेलं असतं.