इन्स्टंट कॅमेऱ्याची फिल्म घेण्याआधी पॅक उलटा करून बघा

इन्स्टंट फिल्म कोणती घेऊ, असं कुणाला विचारलं की लोक लगेच रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, पांढरी चौकट की काळी, यावर बोलायला लागतात. तो प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. फिल्मचा प्रकार तुमच्या आवडीवर ठरत नाही, तो कॅमेऱ्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो. आवडीनिवडीला वाव त्यानंतरच. हा क्रम उलटा केल्यामुळे वाया गेलेले पॅक मी इतके पाहिले आहेत, माझे स्वतःचेही त्यात आहेत, की आता हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आधी: फिल्म लागते की कागद?

बाहेर कागद सोडणारा प्रत्येक कॅमेरा इन्स्टंट फिल्मचा नसतो. काही छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत झिंक नावाचा कागद लागतो. त्यात फोटो उष्णतेने छापला जातो, रसायनाने धुतला जात नाही. यातल्या काहींवर पोलरॉइडचं नाव आहे, म्हणून लोक पोलरॉइडची फिल्म आणतात आणि ती आत जातच नाही. झिंकचा कॅमेरा असेल तर झिंकचा कागद घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

जुना कॅमेरा घरात सापडला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. कोडॅकने पेटंटचा खटला हरल्यावर 1986 साली इन्स्टंट फोटोग्राफी सोडली, त्यामुळे कोडॅकच्या त्या काळातल्या इन्स्टंट कॅमेऱ्यांना फिल्म नाही. पोलरॉइड स्पेक्ट्राची फिल्म 2019 मध्ये बंद झाली. फोटो सोलून काढायची जी जुनी पॅकफिल्म होती, तिचं फुजीचं शेवटचं उत्पादन 2016 मध्ये थांबलं. असे कॅमेरे कपाटात शोभेला ठेवा. त्यांच्यासाठी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुदत संपलेले पॅक विकत घेऊ नका. आतलं रसायन बहुतेक वेळा सुकलेलं असतं.

इन्स्टॅक्स असेल तर

फुजीच्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्यांचं सोपं आहे. मिनीला मिनी, स्क्वेअरला स्क्वेअर, वाइडला वाइड. आकार वेगवेगळे असल्यामुळे चुकीचा पॅक बसतच नाही. मिनीत चित्राचा भाग 62 गुणिले 46 मिलिमीटर, स्क्वेअरमध्ये 62 गुणिले 62, वाइडमध्ये 99 गुणिले 62. एका पॅकमध्ये 10 फोटो, उजेडाची संवेदनशीलता आयएसओ 800 (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो), बॅटरी कॅमेऱ्यात. भरताना पॅकवरची पिवळी खूण कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेला जुळवायची, झालं. इतर कंपन्यांचे काही कॅमेरेही हीच फिल्म घेतात. लायका सोफोर्टला मिनीच लागते.

पोलरॉइड असेल तर: इथे थांबा आणि सावकाश वाचा

सगळा घोळ इथे आहे. 600, आय-टाइप आणि एसएक्स-70 या तिन्ही प्रकारांचे फोटो एकाच मापाचे येतात. खोकी सारखी, पॅक सारखे, सगळ्यांत 8 फोटो. कात्रीत धरल्यासारखा माणूस अडकतो तो या सारखेपणामुळेच. फरक फक्त दोन गोष्टींत आहे: पॅकमध्ये बॅटरी आहे का, आणि फिल्मला उजेड किती लागतो.

पहिली गोष्ट बॅटरीची. जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरी नसते. मोटर, फ्लॅश, शटर हे सगळं पॅकच्या तळाशी असलेल्या चपट्या बॅटरीवर चालतं. 600 आणि एसएक्स-70 च्या पॅकमध्ये ती असते. आय-टाइपच्या पॅकमध्ये नसते, कारण 2017 पासून आलेल्या वनस्टेप 2, नाऊ यांसारख्या नव्या कॅमेऱ्यांत चार्ज होणारी बॅटरी आहे.

मी हे कळायच्या आधी एका जुन्या 600 कॅमेऱ्यासाठी आय-टाइपचा पॅक आणला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, दोन्ही एकच, आय-टाइप थोडी स्वस्त पडते एवढंच. पॅक सरकवला, दार लावलं, आणि काहीच नाही. एरवी दार लावताच मोटर घरघरते आणि वरचं काळं झाकण बाहेर येतं. इथे चिडीचूप. मी कॅमेरा मेला असं धरून चाललो. दोन दिवस त्याच्या मागे होतो, शेवटी स्क्रू ड्रायव्हरही हातात घेतला. सुदैवाने उघडला नाही. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो, तो बॅटरी काढल्यावरही बराच वेळ विजेने भरलेला राहतो आणि जबर झटका देऊ शकतो. ज्याला त्यातलं कळतं त्याच्याशिवाय कुणीही असा कॅमेरा उघडू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

कॅमेऱ्यात काहीच बिघडलं नव्हतं. पॅक बाहेर काढून उलटा केला असता तर दोन सेकंदांत कळलं असतं. 600 आणि एसएक्स-70 च्या पॅकच्या पाठीवर दोन छोट्या खिडक्या असतात आणि त्यातून बॅटरीचा धातू चमकतो. कॅमेऱ्यातल्या दोन पितळी पट्ट्या तिथेच टेकतात. आय-टाइपच्या पॅकवर तो धातू नाही. म्हणून म्हणतो, पॅक उलटा करून बघा. दुकानात खोकं बंद असतं, तेव्हा खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा आणि विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका.

उलट दिशेने मात्र चालतं. आय-टाइप कॅमेऱ्यात 600 ची फिल्म बिनधास्त घाला, फोटो तोच येईल. फक्त न लागणाऱ्या बॅटरीचे पैसे जातात आणि दर 8 फोटोंमागे एक बॅटरी कचऱ्यात जाते. आय-टाइप मिळत नसेल तेव्हाच हे करावं.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही जास्त फसवी आहे, कारण इथे कॅमेरा चालतो आणि फोटो वाया जातात. 600 आणि आय-टाइपची संवेदनशीलता सुमारे आयएसओ 640, एसएक्स-70 ची सुमारे 160. म्हणजे एसएक्स-70 फिल्मला चौपट उजेड लागतो. एसएक्स-70 ची फिल्म 600 च्या कॅमेऱ्यात घातली तर फोटो काळोखात बुडतात, आणि साध्या खोकाछाप कॅमेऱ्यात त्यावर धड उपाय नाही. 600 ची फिल्म एसएक्स-70 कॅमेऱ्यात घातली तर उलट, चेहरे पांढरेफटक. ही अदलाबदल होऊ नये म्हणून 600 च्या पॅकच्या तळाला छोटे उंचवटे दिलेले आहेत. ते अडले की लोक पातळ कार्ड खाली सरकवून पॅक आत ढकलतात. तसं करायचंच असेल तर भिंगावर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड चौथ्या हिश्शावर आणणारी काच, लावा, पण फक्त भिंगावर. शेजारी उजेड मोजणारा छोटा डोळा असतो, तोही झाकला गेला तर कॅमेऱ्याला वाटतं उजेडच कमी आहे, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि फिल्टर लावून न लावल्यासारखं होतं. हे माझे आठच्या आठ फोटो गेल्यावर लक्षात आलं. माझं मत विचाराल तर एसएक्स-70 ला एसएक्स-70 ची फिल्म घ्यावी आणि या उद्योगात पडू नये.

कॅमेरा नक्की कोणता, हे कसं ओळखायचं? घडी होणारा, चामडं लावलेला असेल तर बहुधा एसएक्स-70. पण 1977 चा इंद्रधनुषी पट्ट्याचा पांढरा वनस्टेप घडीचा नाही, तो 600 सारखाच खोक्यासारखा दिसतो आणि त्याला एसएक्स-70 फिल्मच लागते. मी ओळखीच्यांचे कॅमेरे बघतो तेव्हा सगळ्यात जास्त चूक याच मॉडेलला झालेली असते. फिल्मचं दार उघडा, आत बहुतेक वेळा प्रकार लिहिलेला असतो. अंगचाच फ्लॅश असेल तर बहुधा 600. वर फ्लॅशबार, म्हणजे फ्लॅशच्या बल्बांची पट्टी, खोचायची फट असेल तर बहुधा एसएक्स-70. नावावरून ठरवू नका. वनस्टेप हे एकच नाव एसएक्स-70, 600 आणि आय-टाइप अशा तिन्ही फिल्मच्या कॅमेऱ्यांवर आलेलं आहे.

पोलरॉइड गो वेगळा. त्याची फिल्म लहान, दुसरी कुठली बसत नाही.

तारीख बघा, आणि कोणती तारीख आहे तेही बघा

इन्स्टॅक्सच्या खोक्यावर मुदत संपायची तारीख असते. पोलरॉइडच्या खोक्यावर उत्पादनाची तारीख असते, आणि फिल्म त्यानंतर 12 महिन्यांच्या आत वापरायची असते. हे माहीत नसल्यामुळे लोक दोन्हीकडे चुकतात: ताजा पॅक मुदतबाह्य समजून परत ठेवतात, नाहीतर सवलतीतला दोन वर्षांचा जुना पॅक आनंदाने घरी आणतात. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पिशवी असते. फोटो बाहेर येताना रोलर ती फोडतात आणि रसायन सगळीकडे पसरवतात. जुन्या पॅकमध्ये ते घट्ट होतं, कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, रंग फिके पडतात. 600 च्या पॅकची तर बॅटरीही उतरलेली असू शकते.

एकदम दहा पॅक घेऊन ठेवू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत संपतील तेवढेच घ्या.

ठेवायचं कसं: पोलरॉइडला 4 ते 18 अंश सेल्सिअस, म्हणजे फ्रिजमध्ये, आडवं, वर वजन न ठेवता. फ्रीझरमध्ये कधीच नाही, रसायन गोठलं की पॅक गेला. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा. उन्हात उभ्या गाडीत तर कुठलीच फिल्म ठेवू नका. विमान प्रवासात बॅग तपासणीच्या यंत्रात न घालता हाताने तपासायची विनंती करा, नवी सीटी यंत्रं फिल्म धुरकट करतात.

आता रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट

रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. भरपूर ऊन किंवा फ्लॅश असेल तर रंगीत घ्या. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत रंगीत फोटो नारिंगी येतात, तिथे ब्लॅक अँड व्हाइट उत्तम. पोलरॉइड रंगीतला तापमानही सोसत नाही: 13 अंशांच्या खाली फोटो निळसर आणि फिका, 28 च्या वर पिवळट-लालसर. थंडीत काढत असाल तर बाहेर आलेला फोटो लगेच कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. ब्लॅक अँड व्हाइटला रंगाची छटा चढायची भीती कमी आणि ती 5-10 मिनिटांत उमटते, रंगीतला 10-15 मिनिटं लागतात. इन्स्टॅक्स सुमारे दीड मिनिटात उमटते आणि ऊन-थंडी बरीच सोसते, पण कडक उन्हात उजळ भाग पार पांढरे करते. सूर्य पाठीशी ठेवा, चेहऱ्यामागे नाही. रंगीत चौकटी आणि नक्षीदार कडा हवी तशी निवडा, आतली फिल्म तीच असते.

पहिला पॅक

पॅक कडेला धरा, समोरचा काळा भाग दाबू नका. दार लावल्यावर झाकण बाहेर येईल तेव्हाच पुढे जा. पोलरॉइडचा फोटो बाहेर येताच उजेडापासून झाका आणि पालथा ठेवा. फोटो हलवू नका. ती सवय जुन्या सोलायच्या फिल्मच्या काळातली आहे, तेव्हा ओला फोटो वाळवावा लागे. आता रसायन आत बंद असतं आणि हलवल्याने आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. पॅक संपेपर्यंत दार उघडू नका. दर पॅकला रोलर मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसा. फोटोवर ठराविक अंतराने तेच डाग दिसले तर दोष फिल्मचा नाही, रोलरवर वाळलेल्या रसायनाचा आहे.

आणि जुना कॅमेरा असेल तर त्याच्या मागचा आकडा 10 पासून मोजतो, कारण तेव्हाच्या पॅकमध्ये 10 फोटो असत. आताच्या पॅकमध्ये 8 आहेत. आकडा 2 वर थांबला आणि पुढे काही येईना, तर कॅमेरा बिघडलेला नाही, पॅक संपला आहे.